उलट्या फेऱ्याचं कुलूप

सोमवार, १० मार्च

धाकट्या,

मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू, आठवतात तशा लिहितो. शाळेचं मागचं फाटक, ज्यावर चढताना तू नवी पँट फाडलीस. टपाल कचेरीच्या जिन्याचा कठडा. वळणावर पट्टी एकसंध आहे, जोड नाही, हवं तर हात फिरवून बघ. दातांच्या डॉक्टरांचा चिमटा, त्यांचा बाहेरून मागवलेला मोडला तेव्हा. तो अजून चालतो. तुझ्या वहिनीच्या शिलाई यंत्राचं पेडल. बाबांच्या शेवटच्या वर्षातली चाकांची खुर्ची, जिचं डावं चाक मी मुद्दाम जरा घट्ट ठेवलं होतं, कारण आपल्या अंगणाला उतार होता. माझी भट्टी, काम घट्ट पकडायचा माझा शेगडा, माझ्या सगळ्या कानशींच्या मुठी. तुझ्या टेबलाच्या खणाचं कुलूप, जे तू माझ्यापासून वह्या लपवायला माझ्याकडूनच करून घेतलंस. ह्या रस्त्यावरच्या निम्म्या दुकानांची कुलपं. आणि एक मोठं कुलूप, दीड वीत लांब, जाड दांड्याचं, जे काल मी डोंगरावरच्या किल्ल्यात काचेच्या पेटीत पाहिलं.

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात. घाईत राहून गेले असं समजू नकोस.

काल आमच्या रस्त्यावरच्या दुकानदारांची सहल होती. सकाळी बसने जायचं, किल्ला बघायचा, संध्याकाळी परत. हा बेत निघाला की दर वेळी तू फोनवर म्हणायचास, "दादा, कशाला जातोस? तिथे काय, नुसती चढण आणि वारा. तुझ्या गुडघ्यांना झेपायचं नाही." वहिनीलाही तेच. हे मी शेजारच्या शिंप्याला कौतुकानं सांगितलं होतं, की भाऊ एवढा शिकला, जुन्या वस्तूंचा जाणकार म्हणून लोक त्याला गाडी पाठवून बोलावतात, तरी माझ्या गुडघ्यांची त्याला काळजी. माझे गुडघे उत्तम आहेत. चढणीवर चष्मेवाला मध्ये मध्ये बसत होता, मी नाही.

किल्ला चांगला आहे. तुझ्यावरचा राग बाजूला ठेवून सांगतो. तटाचे दगड असे बसवलेत की फटीत नख जात नाही. मोठ्या दरवाज्याचे खिळे मात्र नवे आहेत, दुरुस्तीत कुणीतरी यंत्रावरचे ठोकलेत आणि वर काळा रंग फासलाय. मी ते बोलून दाखवलं. शिंपी म्हणाला, "अहो कुलूपवाले, सहलीला आलात की तपासणीला?" सगळे हसले. मीही हसलो. तोवर माझा दिवस मजेत चालला होता.

खजिन्याची म्हणून तिथे एक खोली आहे, खाली उतरून जावं लागतं. उतरतानाच वाटाड्यानं सांगितलं, इथलं कुलूप सहाशे वर्षांचं. मधोमध काचेची पेटी, वरून दिवा. आधी मला दिसली ती किल्ली. मुठीला पीळ दिलेला, आणि तो पीळ टोकाशी सैल होत गेलेला. धाकट्या, मला काय वाटलं ते तुला सांगितलंच पाहिजे. मला आनंद झाला. मला वाटलं, सहाशे वर्षांपूर्वी कुणीतरी होता, माझ्यासारखाच, कुणी न शिकवता शिकलेला, ज्याला पीळ असाच सोडावासा वाटला. मी तुझ्या वहिनीला हाक मारून म्हटलंसुद्धा, "बघ, बघ, माझा कुणी पूर्वज दिसतोय."

मग मी पेटीच्या दुसऱ्या बाजूला गेलो. कुलपाच्या खालच्या कडेला कानस घसरल्याची एक तिरकी रेघ आहे. ती रेघ पडली तेव्हा वहिनीनं दारातून ओरडून सांगितलं होतं, "धाकट्याचा फोन आलाय, विचारतोय कुठवर आलं?"

वाटाड्या बोलत होता. जाडसर गृहस्थ, आवाजावरून आधी कुठल्यातरी शाळेत शिकवत असणार. म्हणाला, "ह्या कुलपाचं वैशिष्ट्य असं, की किल्ली डावीकडे फिरवली की ते लागतं आणि उजवीकडे फिरवली की उघडतं. जगातल्या सगळ्या कुलपांच्या उलट. शत्रू आत आला, किल्ली त्याच्या हाती लागली, तरी घाईत तो उलटी फिरवणार आणि फसणार. काय डोकं असेल बघा त्या कारागिराचं!"

त्या कारागिराचं डोकं तुला माहीत आहे. त्या कारागिराने कोवळ्या वयात भंगारवाल्याकडून एक मोडकं कुलूप आणलं, खोलून खोलून त्यावर शिकला, आणि ते कुलूप आधीच्या कुणीतरी दुरुस्त करताना आतली पट्टी उलटी बसवून ठेवली होती हे त्याला फार उशिरा कळलं. तोवर हात बसला होता. गिऱ्हाइकं आधी कुरकुरली, मग सवयीची झाली. आपल्या घरातलं प्रत्येक दार असंच लागतं. तू ह्याच घरात वाढलास, म्हणून तुला ते उलटं आहे हे कधी दिसलंच नाही. दिसलं असतं तर मला सांगितलं असतंस की दादा, ह्या वेळी सुलटं कर. मग दुसऱ्या जाणकारांनी विचारलं असेल, हे असं का, आणि तुला तिथल्या तिथे तो शत्रू शोधावा लागला असेल. शत्रू चांगला शोधलास.

मी म्हटलं, "हे कुलूप माझं आहे."

वाटाड्या म्हणाला, "बरोबर आहे काका. हा आपल्या सगळ्यांचाच ठेवा आहे."

"तसं नाही. मी केलंय. ती किल्ली डावीकडे फिरते."

"आत्ता मीच सांगितलं ना ते."

शिंपी म्हणाला, "सहाशे वर्षांचे झालात? वाटत नाही हो. गुडघ्यांवरून तर मुळीच नाही." सगळी खोली हसली. चष्मेवाला खोकेपर्यंत हसला. वाटाड्यानं हात वर करून सगळ्यांना शांत केलं आणि पुढे सांगायला लागला की ह्या कुलपाची दुसरी किल्ली कधीच सापडली नाही, किल्लेदाराच्या बायकोनं ती विहिरीत टाकली अशी दंतकथा आहे.

मग मी पाटी वाचली. कुलूप कुठल्या तरी जुन्या घराण्याच्या संग्रहातून आलंय म्हणे. खाली लिहिलंय, शोध आणि अभ्यास, आणि पुढे तुझं नाव, पदवीसकट, मध्ये बाबांचं नाव, शेवटी आडनाव. आडनाव माझंही तेच आहे. त्या पाटीवर माझं तेवढंच आहे.

तुझी वहिनी माझ्या शेजारी उभी होती. तिनंही वाचलं. बसमध्ये ती खिडकीशी जाऊन बसली.

तू काय ते लिही. फोन करू नकोस.

— दादा


गुरुवार, २७ मार्च

धाकट्या,

उत्तर आलं नाही. फोन येतात, मी दुकानात असताना, वहिनीला. संध्याकाळी ती सांगते, "बरा आहे म्हणाला." मी विचारतो, मी बरा आहे का असं विचारलं का त्यानं? ती ताटं मांडायला लागते.

तर मीच आठवण करून देतो. तू दुकानात आलास तेव्हा मी भट्टी विझवत होतो. तू दुकानात येणं ही साधी गोष्ट नव्हती. कॉलेजात गेल्यापासून तू मागच्या दारानं घरात यायचास, पुढच्या दारानं दुकान लागतं म्हणून. तुझ्या सासरी तू मला "लोखंडाच्या व्यवसायात" ठेवलं होतंस, हे मला तुझ्या लग्नातच कळलं, जेव्हा तुझ्या सासऱ्यांनी मला पोलादाचे भाव विचारले. मी भाव सांगितले. तुझी लाज राखली.

तर त्या दिवशी तू पुढच्या दारानं आलास. कोट काढलास, ऐरणीवर ठेवलास, आणि म्हणालास, "दादा, मला एक कुलूप करून दे. घाई नाही. जुन्या पद्धतीनं कर, यंत्र अजिबात न लावता. जशी तुला घाई नसती, गिऱ्हाईक नसतं, तर तू जसं केलं असतंस, तसं. माझ्या घराच्या दाराला लावीन."

तू गेल्यावर मी विझत आलेली भट्टी तशीच सोडली. मग वहिनीला आत जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "बघा, मी म्हणत नव्हते, त्याला कळतं सगळं, बोलत नाही इतकंच."

सगळा हिवाळा त्यात गेला. जुनं लोखंड लागेल म्हणालास, कारण जुन्या लोखंडाला वेगळा पोत असतो. ते खरंच आहे, आणि तुला ते कळतंय म्हणून मी खूश झालो. पाडलेल्या पुलाच्या कड्या मिळवल्या, तापवून, ठोकून, परत तापवून पत्रे केले. रिव्हेटची भोकं गरम असताना टोच्यानं पाडली. दोनदा आतली पट्टी फेकून दिली, कारण फेऱ्याच्या शेवटी किल्लीला किंचित अडल्यासारखं होत होतं. बाहेरच्या कुणालाही ते जाणवलं नसतं. तुझ्या दाराला होतं म्हणून फेकली.

न्यायला आलास तेव्हा मी घासायचं फडकं घेतलं, तर म्हणालास, "नको दादा, पॉलिश नको. असंच छान आहे." मग मी तळाला नाव कोरायला छिन्नी घेतली. ती तू माझ्या हातातून काढून घेतलीस. हसून. म्हणालास, "घरच्या घरी नाव कशाला?"

त्या वाक्यावर मी कितीतरी दिवस खूश होतो. आता ते वाक्य मला आठवतं तेव्हा मी हातातलं काम खाली ठेवतो.

पैसे द्यायला लागलास, ते मी घेतले नाहीत. म्हणजे माझं सगळ्यात चांगलं काम तू फुकट नेलंस, असं मी म्हणत नाही. फुकट मीच दिलं. माझं म्हणणं एवढंच आहे: आयुष्यात पहिल्यांदा तू माझं काम मागितलंस, आणि ते ह्यासाठी, की त्यावरून माझा हात पुसता यावा.

आता एक गोष्ट, जी तू विसरला आहेस. आपल्या दुकानाची रीत. मी कुलपाबरोबर एकच किल्ली देतो. दुसरी माझ्याकडे खुंटीवर राहते. गिऱ्हाइकानं वर्षभर कुलूप वापरायचं, मग घेऊन यायचं, मी उघडून बघतो कुठे झिजतंय, तेल घालतो, आणि मग दुसरी किल्ली देतो. त्याशिवाय लोक परत येत नाहीत, आणि आपलं काम कसं म्हातारं होतंय ते आपल्याला कळत नाही. तू लहान असताना त्या खुंट्या पुसायचं काम तुझं होतं.

तू कुलूप परत आणलं नाहीस. दुसरी किल्ली माझ्याकडे आहे. तोच पीळ, तेच लोखंड, पोत बघून कुणीही ओळखेल. सहाशे वर्षं विहिरीत नव्हती, दुकानाच्या भिंतीवर होती, शिंप्याच्या गोदामाच्या किल्लीशेजारी.

मी तुझ्या पाठीमागून काही करणार नाही. म्हणून आधी तुला लिहितोय. किल्ल्यातल्या त्या संग्रहालयाच्या प्रमुख बाई आहेत, त्यांच्याकडे तू जा आणि सांग. काय शब्दांत सांगायचं ते तू ठरव, शब्द तुझ्याकडे भरपूर आहेत. पाटी बदलली की मला कळव. एप्रिल संपेपर्यंत काही झालं नाही, तर मी किल्ली घेऊन स्वतः जाईन.

— दादा


शनिवार, १९ एप्रिल

धाकट्या,

तू येऊन गेलास ते बरं केलंस असं मी त्या रविवारी म्हणालो होतो. ते मागे घेतो.

तू काय बोललास ते मी इथे लिहून ठेवतो, कारण पुढे तू म्हणशील तसं बोललोच नव्हतो.

तू म्हणालास, "दादा, ते कुलूप तू दुकानात लावलं असतंस तर काय झालं असतं? सायकलच्या साखळ्यांशेजारी टांगलं असतंस. कुणीतरी घासाघीस करून नेलं असतं आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावलं असतं. आज बसा भरभरून माणसं ते बघायला येतात. काचेत ठेवलंय. वर दिवा आहे. तुझं दुसरं कुठलं काम दिव्याखाली आहे?"

मी म्हटलं, "कुणाचं म्हणून बघतात?"

"बघतात ना पण! थांबून बघतात. लोक तुझ्या कामापुढे गप्प होतात, दादा. नाव असतं तर झाले असते का गप्प?"

खोटं कशाला सांगू, तू चांगला बोलतोस. लहानपणीही असाच बोलायचास, आणि मार मी खायचो.

मग म्हणालास, "आणि हे बाहेर आलं तर माझी नोकरी जाईल. कदाचित तुरुंग. तुला ते हवंय? नाव कुणाचं खराब होईल? आपलंच ना?"

मी म्हटलं, "आपलं? पाटीवर तर एकट्याचं होतं."

तेव्हा वहिनी चहा घेऊन आली आणि आपण दोघं हवापाण्यावर बोललो. जाताना तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. म्हणालास, "मला थोडा वेळ दे, दादा. मी करतो काहीतरी." मला वाटलं, करेल. खरंच वाटलं. रात्री जेवताना मी वहिनीला म्हटलंही, पोर वाईट नाही.

परवा मला बँकेनं बोलावलं, तिजोरीच्या खोलीचं सरकतं दार अडकलं होतं. परत आलो, हात धुतले, शिंपी गोदामाची दुसरी किल्ली मागायला आला. मी खुंट्यांकडे गेलो. शेजारची खुंटी रिकामी होती.

मी आधी खाली बघितलं. मग फळीमागे. मग शिंप्याला म्हटलं, उद्या या. तो म्हणाला, "एवढं काय शोधताय? विहीर बघितलीत का?" अजून त्याचा तो विनोद चालूच आहे.

वहिनी दारात उभी होती. म्हणाली, "शोधू नका. मी दिली त्याला."

"कधी?"

"सकाळी. तुम्ही बँकेत गेल्यावर."

म्हणजे तू गल्लीच्या टोकाला उभा राहून माझी जायची वाट बघत होतास. ह्या वयात.

मी तिला विचारलं, का? ती काय म्हणाली ते तुला कळलं पाहिजे, कारण ते तुझ्यासाठी होतं. म्हणाली, "मी ह्या घरात आले तेव्हा तो माझ्या कमरेएवढा होता. आई नव्हती त्याला. तापात माझा पदर धरून झोपायचा, मी उठायला लागले की मुठी आवळायचा. ते लोखंड आहे हो. हा माणूस आहे. त्याला मी तुरुंगात जाऊ देणार नाही, तुमच्या नावासाठीसुद्धा नाही."

मी म्हटलं, "माझं नाव म्हणजे काहीच नाही?"

"तुम्हाला नाव हवंय. मला तो हवाय. माझं चुकलं असेल, पण मला विचारलंत तर मी परत देईन."

मग ती आत गेली आणि शिलाई यंत्राचा आवाज यायला लागला.

तुझ्यावरचा राग मला पेलता येतो. तू लहानपणापासून मला राग आणतोस, त्याची जागा ठरलेली आहे. पण तू माझ्या घरातल्या माणसाच्या हातून माझी किल्ली काढून घेतलीस, आणि ती त्या बाईनं, जिनं माझा सगळा हिवाळा बघितला होता, जी रोज भट्टीपाशी येऊन विचारायची, "आज किती झालं?", तिनं स्वतःच्या हातानं काढून दिली. ह्याला ठेवायला माझ्याकडे जागा नाही. आम्ही एकाच घरात राहतो, आणि मी तिच्याशी मीठ संपलं, दिवा गेला, एवढंच बोलतो.

किल्ली परत पाठव. मी आता कुठेही जाणार नाही, शब्द देतो. फक्त खुंटीवर हवी.

— दादा


सोमवार, २ जून

धाकट्या,

किल्ली कुठे आहे ते मला वर्तमानपत्रातून कळलं. शिंप्यानं आणून दाखवलं. "सहाशे वर्षांनी जोडी जुळली." तुझा फोटो चांगला आलाय. किल्ली दोन बोटांत धरली आहेस, जशी मी कधीच धरत नाही, पिळावर बोट. पिळावर घाम लागला की तो आधी गंजतो. तुला शिकवलं होतं.

मी समजत होतो तू ती नदीत टाकशील. भीतीनं चोरली असं मी समजत होतो. त्यात एक प्रकारे मला बरंही वाटत होतं, की निदान भ्यायलास. तू ती त्यांना शोध म्हणून नेऊन दिलीस! वहिनीला मी ती बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. तिनं मध्येच यंत्र थांबवलं. "असं करणार म्हणाला नव्हता," एवढंच म्हणाली, आणि सुईत दोरा ओवत बसली. दोरा आधीच ओवलेला होता.

तर आता शुक्रवारी काय झालं ते लिहितो. हे शेवटचं पत्र.

संग्रहालयाच्या प्रमुख बाई दुकानात आल्या. पुढच्या दारानं. चांगल्या आहेत बाई. आल्या आल्या त्यांनी दाराची बिजागरी बघितली, आणि विचारलं, "ही तुम्ही केलीत?" मी स्टूल पुसून दिलं. त्यांनी भिंतीवरचं एक कुलूप मागून घेतलं, उघडलं, लावलं, परत उघडलं. म्हणाल्या, "फेरा उलटा आहे."

मी म्हटलं, "माझ्या सगळ्यांचा उलटाच असतो. ह्या रस्त्यावर कुठल्याही दुकानात जाऊन बघा. तुमच्या पेटीतल्याचाही त्याचसाठी उलटा आहे. ते मी केलंय."

सांगून टाकलं. तुला शब्द दिला होता कुठे जाणार नाही, गेलो नाही. त्या आल्या.

मला वाटलं, त्या दचकतील, रागावतील, हसतील तरी. त्यांनी कुलूप हळूच खाली ठेवलं आणि माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसं आपण तापातल्या माणसाकडे बघतो. म्हणाल्या, "तुमच्या भावानं मला सांगितलं होतं, तुम्ही असं म्हणाल."

मी विचारलं, आणखी काय सांगितलं?

"ते तुमच्याबद्दल फार प्रेमानं बोलतात. म्हणाले, दादा किल्ला बघायला आला होता, ते कुलूप पाहून त्याच्या मनानं घेतलं. म्हणाले, तेव्हापासून तो तसाच फेरा करायला लागलाय. सांभाळून बोला, मन हळवं आहे."

तेव्हापासून! ह्या रस्त्यावरच्या कुलपांना गंज चढलाय, धाकट्या, आणि मी मार्चपासून उलटा फेरा करायला लागलोय. तू मला चोर केलं नाहीस, खोटारडा केलं नाहीस. खोटारड्याचं म्हणणं निदान कुणीतरी तपासून बघतं. तू मला हळवा केलंस.

मी म्हटलं, "ठीक आहे. मी तुमच्यासमोर करतो. ह्या इथे, तुम्ही बसा, दुसरं कुणी आणायचं ते आणा. तसंच्या तसं करून दाखवतो, कानशीची रेघसुद्धा तिथेच."

बाईंचा चेहरा उजळला. म्हणाल्या, "अहो, तेच विचारायला तर मी आलेय! भाऊ म्हणाले, अशी हुबेहूब नक्कल करणारा हात दुसऱ्या कुणाकडे नाही. लोक आम्हाला विचारतात, ह्या कुलपाची प्रत विकत मिळेल का. आमच्या विक्रीच्या खिडकीत ठेवायला हवी आहेत."

म्हणजे मी जितकं बरोबर करून दाखवीन, तितका मी चांगला नक्कल करणारा ठरेन. हे तू बसून जुळवलंस. मानलं तुला. आतली पट्टी इतकी नीट मलाही बसवता आली नसती.

एक मार्ग राहिला होता. वहिनी घरात जायच्या दारात उभी होती. सगळं ऐकत होती. बाईंनीच तिच्याकडे वळून, समजूत घालायच्या आवाजात विचारलं, "ताई, तुम्ही तर इथेच असता. ह्यांनी तसं मोठं कुलूप आधी कधी केलं होतं का?"

मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं तर ती माझ्यासाठी बोलेल, आणि ते मला नको होतं. तिनं आपणहून बोलायला हवं होतं. मी शेगड्याकडे बघत राहिलो. शेगड्यात अर्धवट घासलेली एक बिजागरी होती, तिच्यावर किती काम राहिलंय ते मी मोजत होतो असं दाखवलं.

ती म्हणाली, "ह्यांची कामं खूप असतात हो. माझ्या नाही लक्षात."

मग विचारलं, "चहा घेणार का?"

बाईंनी चहा घेतला. मीही घेतला. कपाला हात लावताना तिचं बोट माझ्या बोटाला लागलं आणि तिनं ते काढून घेतलं नाही, मीच काढलं.

चहानंतर बाईंनी कागद पुढे केला. टंकलेला, खाली तुझ्या शिफारशीचा उल्लेख. तीनशे कुलपं, मुळाबरहुकूम. फेरा उलटा. प्रत्येकाबरोबर दोन किल्ल्या, दोन्ही गिऱ्हाइकाला एकदम द्यायच्या. तळाला, जिथे मी नाव कोरतो, तिथे "नक्कल" असा शिक्का, तो त्यांचा ते देतील. एका कुलपाचे सोळाशे, निम्मे काम सुरू करण्याआधी. बाई म्हणाल्या, विचार करायला वेळ घ्या. मी म्हटलं, वेळ नको. कागद होता त्याच घडीवर दुमडला, त्यांच्या हातात दिला आणि नाही म्हणालो. त्यांना दारापर्यंत पोचवायला गेलो, पायरी सैल आहे ती दाखवली.

वहिनी तुला फोनवर सांगेलच. पण तुला फार वाईट वाटू नये म्हणून ती आकडा थोडा कमी करून सांगेल, तिची तशी सवय आहे. तेव्हा बरोबर आकडा माझ्याकडून लिहून घे: चार लाख ऐंशी हजार.

— दादा